मरणाचे भय आणि दुकानाची झगमग

श्रोतेहो, ‘आधुनिकोत्तर कादंबरी’ हे नाव ऐकून बिचकू नये. माल, चित्र आणि मरण यांचा जो गुंता ती मांडते, तो आपल्याही उंबऱ्याशी येऊन पोचला आहे.

अमेरिकन लेखक डॉन डिलिलो यांची ‘व्हाइट नॉइज’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. नायक जॅक ग्लॅडनी प्राध्यापक आहे. नवराबायको दोघांनाही मरणाची धास्ती. बायको त्या भयावर चोरून डायलार नावाच्या गोळ्या घेते. जॅकचा उतारा म्हणजे खरेदी. पिशव्या भरत जातात तसतसा तो स्वतःच्या नजरेत मोठा होतो!

पुढे रेल्वेचा टँकर फुटून विषारी ढग उठतो. लोकांना हलवणारे पथक म्हणते, या खऱ्या अपघाताचा उपयोग आम्ही आमच्या रंगीत तालमीसाठी करीत आहो. वाचक हसतो. पण कारखान्यात अशा तालमी मी पाहिल्या आहेत. घंटा वाजते, माणसे रांगेत उभी राहतात, वहीत सही पडते, आणि मागच्या दाराला कुलूप तसेच असते. भोपाळची वायुगळती २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची. ही कादंबरी त्यानंतर काही आठवड्यांतच वाचकांहाती आली.

तीत एक कोठार आहे. सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेले म्हणून ते प्रसिद्ध, आणि त्यामुळेच ते कोणाला दिसत नाही. जो तो छायाचित्राचेच छायाचित्र काढतो. गुंजवण्याहून राजगड चढणाऱ्या कित्येकांचे असेच होते. चित्र आधी पाहिलेले असते. वर जाऊन ते जुळवायचे आणि उतरायचे.

मात्र डिलिलोंचे भय भरल्या पोटाचे आहे. टँकरवर पाळीला कोण होते, हे जॅक विचारीत नाही. तो प्रश्न आपल्या जयंत पवारांच्या लेखनात सापडतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला. जुने धुराडे तेवढे शोभेला ठेवले. धूर नाही, भोंगा नाही. गिरणीचे नुसते चित्र. पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात त्या संपाने होरपळलेले घर आहे, आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या ग्रंथालयात तो नसेल तर चिटणिसांनी मागवून घ्यावा.