मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्याल?

नर्मदेच्या उत्तर तीरावर, मांडवगडच्या दक्षिणेस, धार जिल्ह्यात धरमपुरी नावाचे जुने गाव आहे. बाजाराच्या दिवशी तेथे थोडा वेळ कान देऊन उभे राहावे. दुकानदाराच्या तोंडी निमाडी, शाळेत व कचेरीत हिंदी, डोंगराकडून उतरलेल्या बायाबापड्यांच्या तोंडी भिली व भिलाली, आणि एखाद्या घराच्या ओसरीवर अजून मराठी! धार व देवास ही पवारांची संस्थाने. त्यांच्या आश्रयाने अठराव्या शतकापासून मराठी घराणी ह्या माळव्यात रुजली. १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९५६ साली आजचे मध्यप्रदेश राज्य झाले, आणि मराठीचा राजाश्रय संपला. ती आता आजीच्या गोष्टीत व देवघरातील प्रार्थनेत उरली आहे.

अशा गावातील मुलाच्या दप्तरात मात्र पुस्तके एकाच भाषेची असतात. मराठी घरातील मूल आजीशी मराठी बोलते, परंतु ती भाषा वाचू शकत नाही. लिपी तीच असूनही मराठी पुस्तक त्याला परके वाटते, कारण ते त्याच्या हाती कधी कोणी दिलेलेच नसते. भिल्ल मुलाची स्थिती याहून कठीण. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भिली व तिच्या पोटभाषा बोलणारे देशात एक कोटीहून अधिक लोक आहेत. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत भिलीला स्थान नाही. हे मूल शाळेत पहिले पुस्तक उघडते तेव्हा त्यात त्याचे शब्द नसतात, त्याचे घर नसते, त्याच्या आईसारखी आई नसते. पुस्तक म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वस्तू, अशी त्याची समजूत होऊन बसते. ज्या वयात वाचनाची गोडी लागावयाची त्याच वयात ते दार बंद होते, आणि पुढे ते उघडणे फार कष्टाचे असते.

वाचकहो, हा प्रश्न केवळ धरमपुरीचा नव्हे. आपल्या गावच्या कोळीवाड्यात, उसाच्या फडावर, विटांच्या भट्टीवर जी मुले वाढतात, त्यांना आपल्या जीवनाची गोष्ट पुस्तकात कितीदा भेटते?

येथे एका स्त्रीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. येल्ला लेपमन ही जर्मनीतील यहुदी लेखिका हिटलरच्या राजवटीत देश सोडून इंग्लंडला गेली होती. महायुद्ध संपल्यावर १९४५ साली ती परत आली, तो मुले ढिगाऱ्यांत हिंडत होती. त्यांना भाकर हवी होती, हे खरेच. पण ज्या मुलांना द्वेषच शिकविला गेला त्यांना दुसऱ्या देशांच्या गोष्टीही हव्यात, असे तिच्या मनाने घेतले. तिने वीस देशांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके भेट मागितली. बेल्जियमने प्रथम नकार दिला. जर्मन सैन्याने त्या देशावर दोनदा आक्रमण केले होते. तिने पुन्हा लिहिले की, तिसरे आक्रमण होऊ नये म्हणूनच ही पुस्तके हवीत. मग बेल्जियमनेही पुस्तके धाडली. १९४६ साली म्युनिक शहरात त्या पुस्तकांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षीच्या नाताळास तिने फर्डिनंड नावाच्या बैलाची गोष्ट, ज्याला झुंजीपेक्षा फुलांचा वास अधिक प्रिय, जर्मन भाषेत उतरवून वर्तमानपत्री कागदावर तीस हजार प्रतींनी छापविली व मुलांना वाटली. पुढे १९४९ साली त्या शहरात मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उघडले. १९६७ पासून २ एप्रिल, म्हणजे अँडरसन ह्या कथालेखकाचा जन्मदिवस, जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळतात. शेजाऱ्याची गोष्ट ज्याला ठाऊक झाली, त्याला शेजाऱ्याचा द्वेष करणे जड जाते. एवढाच ह्या सर्व खटाटोपाचा अर्थ.

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा लहान नाही, आणि तीत ख्रिस्ती हातांचा वाटाही आहे. अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७३ साली सुरू केले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिली, आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर घरोघरच्या मुलांचा सोबती झाला. ही पुस्तके आजही मुलांना द्यावीत. परंतु श्यामचे कोकण आणि फेण्याचे पुणे एवढ्यातच मराठी मुलाचे जग संपत नाही. डोंगरातील पाडा, नदीकाठची वस्ती, मजुरीसाठी दरसाल गाव सोडणारे कुटुंब, ह्यांनाही गोष्टीत जागा हवी.

आनंदाची वार्ता ही की, तशी पुस्तके आता होऊ लागली आहेत, आणि त्यांतील काहींची मुळे ह्याच प्रदेशात आहेत. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेची स्थापना १९८२ साली झाली. तिने देवास येथेही आपले केंद्र उघडले, आणि १९८५ पासून ‘चकमक’ हे मुलांचे हिंदी मासिक चालविले. धारच्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भुरीबाई ह्या भिल्ल बाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी त्यांना कागदावर चित्र काढण्यास सांगितले. घराच्या भिंतीवरील ठिपक्यांची चित्रे कागदावर आली, आणि २०२१ साली भारत सरकारने त्या बाईंना पद्मश्री दिली. आज भिल्ल चित्रकारांची चित्रे मुलांच्या पुस्तकांतही दिसतात. चेन्नईची ‘तुलिका’ व २००४ साली निघालेली ‘प्रथम बुक्स’ ह्या संस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रमय पुस्तके काढतात. ‘प्रथम’ची पुष्कळ पुस्तके मोबाईल फोनवर विनामूल्य वाचता येतात. ज्या फोनबद्दल आपण मुलांवर रागावतो, त्याचा हा एक चांगला उपयोग होय.

येथे काही मातापित्यांच्या मनात शंका येईल. दुसऱ्या धर्मांच्या, दुसऱ्या चालीरीतींच्या गोष्टी वाचून आमच्या मुलांची श्रद्धा तर ढळणार नाही ना? ही काळजी प्रेमापोटी येते. तिला हसून चालणार नाही. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ ह्या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे प्रसिद्ध केली, हे ध्यानात घ्यावे. एकात इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही असे सांगितले. दुसऱ्यात मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक त्यांचे आईबाप होत असे सांगितले. दोन्ही एकत्र वाचली म्हणजे मार्ग दिसतो. पुस्तक मुलाच्या हाती द्यावे, पण मुलाला त्या पुस्तकापाशी एकटे सोडू नये.

प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणारा इथिओपियाचा अधिकारी आपणास भेटतो. त्याला अर्थ उमगत नव्हता. फिलिपाने त्याच्या हातचा ग्रंथ हिसकावला नाही. तो त्याच्याशेजारी रथात जाऊन बसला. मुलांच्या बाबतीत आईबापांनी हेच करावयाचे. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी मुलाला मोठ्याने वाचावयास लावावे व ऐकावे. ऐकणारी आई हीसुद्धा मुलाची शिक्षिकाच असते.

खर्चाचा प्रश्न उरतो. एका घराला जे झेपत नाही ते दहा घरांना झेपते. धर्मग्रामातील दहा कुटुंबांनी दरसाल एकेक पुस्तक घ्यावे, एका पत्र्याच्या पेटीत ठेवावे, आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर एखाद्या मोठ्या मुलीने वहीत नोंद करून ती मुलांना घरी न्यावयास द्यावीत. निवड करताना संतचरित्र असावे, तसे शेतावरच्या कीटकांचे पुस्तकही असावे. मराठी असावे, तसे शेजाऱ्यांच्या भाषेतीलही असावे. फाटले तर चिकटवावे. कुलपात जपून ठेवलेल्या पुस्तकापेक्षा वाचून फाटलेले पुस्तक केव्हाही बरे.

आणि जी पुस्तके अजून कोणी छापली नाहीत त्यांचे काय? ती आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. रात्री जपमाळ झाल्यावर आजीने गोष्ट सांगावी, तिच्याच बोलीत सांगावी, आणि नातवाने ती वहीत उतरवावी. चित्रही त्यानेच काढावे. धरमपुरीच्या मराठी घरातील मूल असो की डोंगरावरच्या भिल्ल फळीतील, आपल्या आजीचे शब्द कागदावर पाहिल्यावर पुस्तक ही परक्याची वस्तू आहे, असे त्याला पुन्हा वाटणार नाही.

पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या नाना देशांच्या लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. त्या दिवशी देवाने सर्वांना एकच भाषा शिकविली नाही, तर प्रत्येकाच्या भाषेचा मान राखला. इंग्लंडातून गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे ओळखून १६१६ साली आपले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले. तो मान आपल्या मुलांच्या वाट्याला यावा, आणि तो आपल्या हातून यावा. येत्या रविवारी एक पेटी व एक पुस्तक, एवढ्यावर आरंभ करता येईल.