शीतन-मनोऱ्याची परीक्षा

औष्णिक विद्युत्केंद्राच्या आवारात, कमरेशी निमुळता होऊन वर किंचित फाकणारा जो प्रचंड काँक्रीटचा मनोरा दिसतो, तो धूर ओकतो असा अनेकांचा समज असला, तरी त्याच्या मुखातून निघते ती केवळ बाष्पाने भारलेली हवा होय. या आकृतीचे जनकत्व व्हान इटरसन आणि कायपर्स या डच अभियंत्यांकडे जाते. १९१८ साली नेदरलँड्समधील एम्मा कोळसाखाणीत त्यांचा पहिला मनोरा उभा राहिला. त्याचे तत्त्व मात्र आपल्या माठाचेच: शंभर भाग पाण्यातील एक भाग वाफ होऊन गेला, की उरलेले सुमारे सहा अंशांनी निवते.

मनोऱ्याची योग्यता बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या थंडपणावरून ठरविणे हा मात्र अन्याय आहे. ओल्या फुग्याचा तापमापक, म्हणजे फुग्यावर ओले फडके गुंडाळलेला तापमापक, जो अंक दाखवितो, त्याच्या खाली असा मनोरा पाणी नेऊ शकत नाही. आणि हा अंक नागपूरच्या ४५ अंशांच्या कोरड्या दुपारी २४ च्या आसपास, तर मुंबईच्या ३२ अंशांच्या दमट जूनमध्ये २९ पर्यंत असू शकतो. म्हणजे भाजून काढणाऱ्या विदर्भालाच या कामी निसर्गाची सवलत अधिक!

येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातील अंतर, ज्याला कारखान्यात ‘रेंज’ म्हणतात, ते मनोऱ्यावर टाकलेल्या उष्णतेच्या बोजावर आणि पाण्याच्या प्रवाहावर ठरते. निवालेले पाणी आणि ओला फुगा यांतील अंतर, अर्थात ‘अप्रोच’, हीच त्याच्या कर्तबगारीची खरी साक्ष. ४२ अंशांचे पाणी ३२ वर आले आणि ओला फुगा २८ वर असला, तर रेंज दहा, अप्रोच चार, आणि परिणामकारकता चौदात दहा, म्हणजे सुमारे ७१ टक्के. हवा कोरडी व थंड झाली की निर्दोष मनोऱ्याचाही अप्रोच वाढतो. म्हणून निकाल देण्यापूर्वी निर्मात्याने दिलेल्या आलेखांशी नोंदी ताडून पाहाव्या लागतात. उष्णता व बाष्प या दोहोंची देवघेव एकाच सूत्रात बांधणारा या गणिताचा पाया जर्मनीच्या मेर्केल यांनी १९२५ साली घातला.

ताळा चुकला, तर कसूर बहुधा तुंबलेल्या तोट्यांची, पाणी पसरविणाऱ्या पण क्षार धरलेल्या आतल्या भरावाची, शेवाळाची किंवा पंख्याच्या पात्यांच्या बिघडलेल्या कोनाची असते. नव्या मनोऱ्याचा खर्च मंजूर करण्याआधी या साऱ्यांची झडती घेणे शहाणपणाचे. शिवाय वाफ गेली तरी क्षार मागे राहतात, म्हणून काही पाणी सोडून देऊन ताजे भरावे लागते. चंद्रपूरसारखे केंद्र, जे इरई धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे, तेथे अंशांच्या हिशेबाइतकाच पाण्याचा जमाखर्चही काटेकोर ठेवल्यावाचून ही परीक्षा पुरी होत नाही.