तान्हें मूल रात्रीं कां जागतें ?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. चिंचवडगांवांतील एका घरांत तीन महिन्यांचें मूल रडूं लागतें. आई उठते, त्यास पदराखालीं घेते; मूल पितें, डोळे मिटतें, आणि पाळण्यांत ठेवतांच पुन्हां जागें होतें. आंतल्या खोलींतून आजीबाई विचारतात, "काय गं, पोट दुखतंय का त्याचं ?" थोड्या वेळानें दुसरा प्रश्न येतो, "दूध पुरतंय ना ?" आणि सकाळीं चहाच्या वेळीं मुलाची आत्या सुचविते, "काल तिन्हीसांजेला बाहेर नेलं होतं, दृष्ट लागली असेल." ह्या तिन्ही बोलण्यांत काळजीच असते, ह्यांत शंका नाहीं. परंतु रात्रभर जागलेल्या त्या सुनेच्या कानीं मात्र तीं तिन्ही एकाच अर्थानें पडतात : तुझें कांहींतरी चुकतें आहे.

हें घर आमच्या निकटच्या परिचयाचें आहे. पण असें घर एकच आहे असें नाहीं. म्हणून मूल रात्रीं कां उठतें, ह्याचा थोडा शास्त्रीय विचार आमच्या वाचकभगिनींपुढें, आणि विशेषतः घरांतील वडील मंडळींपुढें, मांडावा असें वाटलें. आरंभींच सांगून टाकतों कीं, निरोगी तान्हें मूल रात्रीं उठतें तें आईच्या चुकीमुळें नव्हे आणि बहुधा दुखण्यामुळेंहि नव्हे. तें वाढत असतें म्हणून उठतें. एवढें एक घरांत सर्वांना पटलें, तर त्या सुनेचें अर्धें जागरण हलकें होईल.

पहिलें कारण असें कीं, तान्ह्या मुलास रात्र म्हणजे काय हेंच ठाऊक नसतें. आपणां मोठ्यांच्या मेंदूंत, डोळ्यांच्या मागील बाजूस, एक इवलेंसें केंद्र आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून तें दिवस आणि रात्र ह्यांचा हिशेब ठेवतें, आणि अंधार पडला म्हणजे त्याच्याच इशाऱ्यानें मेलॅटोनिन नांवाचा झोंपेचा संदेश देणारा स्राव सुरू होतो. मूल पोटांत असेपर्यंत आईच्या शरीराच्या चालीवर त्याचें चालतें. जन्मल्यावर मात्र त्यास स्वतःचें घड्याळ लावून घ्यावें लागतें, आणि तें लागण्यास साधारणपणें दोन ते चार महिने जातात. तोंपर्यंत मूल चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोंपतें खरें, पण ते तास दिवसा आणि रात्रीं सारखेच विखुरलेले असतात. निसर्गानें येथेंहि आईचीच योजना केली आहे. तिच्या रात्रींच्या दुधांत मेलॅटोनिन असतें, दिवसाच्या दुधांत तें जवळजवळ नसतें. म्हणजे स्वतःचें घड्याळ लागेपर्यंत मुलास रात्रीची पहिली ओळख आईच्या दुधांतूनच होत असते.

आतां आमच्या ह्या भागांतील एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पवनेकांठचीं शेतीचीं गांवें बघतां बघतां कारखान्यांचीं गांवें झालीं. पुढें भोसरी, आकुर्डी करीत ही रांग थेट चाकणपर्यंत जाऊन पोंचली. येथें पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष पाळीनें कामावर जातो. वर सांगितलेल्या मुलाचे वडीलहि चाकणच्या एका कारखान्यांत काम करतात, आणि त्यांची रातपाळी असली म्हणजे सकाळीं कंपनीच्या बसनें घरीं येऊन ते दिवसा निजतात. मग घरांत सर्वांनीं हळू बोलावयाचें, खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावयाचे, भांड्यांचा आवाज करावयाचा नाहीं, असा नेम असतो. घरासाठीं राबणाऱ्या माणसाची झोंप मोडूं नये, हें योग्यच आहे. परंतु त्याच अंधाऱ्या, शांत घरांत तें मूलहि दिवसभर असतें. आणि संध्याकाळीं मात्र दिवे लागतात, मंडळी गोळा होतात, हंसणें-खेळणें सुरू होतें. म्हणजे ज्या मुलास दिवस-रात्र शिकावयाची आहे, त्यास सारें घर मिळून तीं उलटीं शिकवीत असतें ! रातपाळीच्या माणसास दिवसा नीट झोंप कां लागत नाहीं, हें ह्या भागांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. तान्ह्या मुलाची अडचण त्याच जातीची आहे. दोघांचेंहि घड्याळ सूर्याशीं जमलेलें नसतें.

उपाय साधा आहे. वडिलांची खोली हवी तर अंधारी ठेवावी, पण मुलास तेथें ठेवूं नये. सकाळीं त्यास ओसरीवर किंवा गॅलरींत, कोंवळ्या उजेडांत घेऊन बसावें. दिवसा तें निजलें तरी त्याच्यापुरता घरांतील नेहमींचा वावर चालूं द्यावा. संध्याकाळ झाली म्हणजे दिवे मंद करावे. रात्रीं पाजतांना मोठा दिवा लावूं नये, मुलाशीं खेळूं नये, लंगोट बदलावयाचा तोहि थोडक्यांत बदलावा. अंगावर तेल, मग आंघोळ, मग दूध आणि मग अंगाई, हा आमच्या आज्यांचा क्रम रोज त्याच वेळीं, त्याच रीतीनें झाला, तर तो मुलास कळूं लागतो. एका आठवड्यांत चमत्कार होईल अशी आशा धरूं नये; पण महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसूं लागतो.

दुसरें कारण झोंपेच्या घडणींत आहे. झोंप ही एकसारखी सलग वस्तु नव्हे. ती लाटांसारखी येते, गाढ होते आणि पुन्हां पातळ होते. मोठ्या माणसाची एक लाट सुमारें दीड तासाची असते. तान्ह्या मुलाची पाऊण ते एक तासाची. प्रत्येक लाटेच्या शेवटीं झोंप इतकी पातळ होते कीं, क्षणभर जाग येते. आपणहि रात्रींतून कित्येकदां असे जागे होतों, कूस बदलतों आणि सकाळपर्यंत तें विसरून जातों. मुलाच्या लाटा आंखूड, म्हणून त्याच्या जागा अधिक. आणि कूस बदलून पुन्हां निजण्याची कला त्यास अजून साधलेली नसते.

झोंपेंत मूल गालांतल्या गालांत हंसलें, कीं सटवाई त्याला हंसविते, असें आपल्याकडे म्हणतात. ह्या हंसण्याच्या वेळीं मुलाच्या पापण्यांआड बुबुळें हलतांना कोणीहि पाहूं शकेल. अमेरिकेंतील शिकागो विश्वविद्यालयांत यूजीन ॲसेरिन्स्की नांवाच्या विद्यार्थ्यानें प्रथम निजलेल्या तान्ह्या मुलांच्याच डोळ्यांच्या हालचाली पाहण्यास आरंभ केला. त्यांतूनच त्यास आणि त्याचे गुरु नथॅनियल क्लाइटमन ह्यांस १९५३ सालीं झोंपेचा एक निराळा प्रकार सांपडला. ह्या झोंपेंत डोळे भराभर हलतात आणि मेंदु पुष्कळ काम करीत असतो. मोठ्या माणसाच्या झोंपेचा सुमारें चौथा-पांचवा हिस्सा अशा प्रकारचा असतो. नवजात मुलाची जवळजवळ निम्मी झोंप अशी असते. ह्या झोंपेंत तें हंसतें, तोंड वेडेंवांकडें करतें, हातपाय झाडतें, कण्हतेंसुद्धां. आणि तरी तें निजलेलेंच असतें. म्हणून मुलानें हूं केलें कीं लगेच त्यास उचलण्याची घाई करूं नये. घटकाभर नव्हे, पण मिनिटभर तरी पाहावें. पुष्कळदां तें आपल्या आपण पुन्हां निजतें, आणि आपणच त्यास उचलून जागें करीत होतों हें ध्यानांत येतें.

तिसरें कारण पोटाचें. पोट लहान, आईचें दूध पचावयास हलकें, आणि वाढ तर अशी कीं, जन्माच्या वेळचें वजन पांच महिन्यांच्या सुमारास दुप्पट होतें. अशा मुलास दोन-तीन तासांनीं भूक लागली तर त्यांत नवल तें काय ? रात्रीं उठतें म्हणजे आईला दूध कमी आहे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. मुलाचें वजन नीट वाढत असलें आणि तें दिवसांतून सहा-सात वेळां लघवी करीत असलें, तर दूध पुरतें आहे असें समजावें. झोंप लागावी म्हणून सहा महिन्यांच्या आंत रात्रीं पेज, साखरपाणी किंवा वरचें कांहींहि देऊं नये. मध तर वर्षाच्या आंत मुळींच चाटवूं नये. त्यांतील एका जंतूच्या विषानें तान्ह्या मुलाचें अंग लुळें पडण्याचा संभव असतो.

"पण अमक्यांचें मूल तर सारी रात्र निजतें !" असें कोणी म्हणेल. कॅनडांतील संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तीनशेंहून अधिक मुलांच्या आयांकडून माहिती घेतली होती. तींत सहा महिन्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ३८ मुलें सलग सहा तासहि झोंपत नव्हतीं. वर्षाच्या मुलांतसुद्धां हें प्रमाण शेंकडा २८ होतें. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, सलग झोंपणाऱ्या व न झोंपणाऱ्या मुलांच्या बुद्धीच्या वा शरीराच्या वाढींत कांहीं भेद आढळला नाहीं. तेव्हां शेजारच्या मुलाशीं तुलना करून सुनेस हिणविण्यांत अर्थ नाहीं.

मूल जागूं नये म्हणून त्यास गुंगी आणण्याचा मार्ग जुना आहे, आणि त्याची दुःखद हकीकत आपल्याच प्रांतांत घडलेली आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत बायका कामास जात. मुलास सांभाळावयास कोणी नसे. तेव्हां मूल निजून राहावें म्हणून त्यास अफूची गोळी देत. हिला ‘बाळगोळी’ असें गोजिरवाणें नांव होतें. १९२२ सालीं मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्यें डॉ. बार्न्स ह्या डॉक्टरीणबाईंनीं लिहिलें कीं, गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. अशीं मुलें शांत असत, कारण त्यांना रडण्याचीहि शक्ति उरत नसे. भूक मंदावे, आणि शरीर वाळत जाई. त्या आयांस दोष देण्यास आमचें मन धजत नाहीं. दहा-दहा तास यंत्रापुढें उभें राहणाऱ्या बाईला दुसरा इलाज कोणीं ठेविला होता ? परंतु आज आपणांस तसें म्हणतां येणार नाहीं. अफू गेली, पण सर्दीचें गुंगी आणणारें औषध निजण्यासाठीं पाजणें, किंवा जायफळ उगाळून त्याचे वेढे वाढवीत जाणें, हे त्याच मार्गाचे फांटे आहेत. डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज असें कांहींहि देऊं नये.

निजविण्याविषयीं आणखी दोन शब्द. मुलास नेहमीं उताणें निजवावें. विलायतेंत १९९१ सालापासून हा उपदेश घरोघर करण्यांत आला, आणि निजल्या जागीं अकस्मात् दगावणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून कमी झाली. अंथरूण घट्ट असावें. त्यांत मऊ उशा, गोधड्या, खेळणीं असूं नयेत. डोकें गोल व्हावें म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीहि झोंपेच्या वेळीं काढून घ्यावी. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यांत मुलास गुंडाळून ठेवूं नये. मूल कुशीवर वळूं लागलें कीं पाळणा सोडून खालीं निजवावें. खोलींत विडी-सिगारेट ओढूं नये.

प्रत्येक जागरण साधेंच असतें, असेंहि मात्र नाहीं. तीन महिन्यांच्या आंतील मुलास १००.४ अंश किंवा त्याहून अधिक ताप आला. तें दूध ओढीना, उठवूनहि उठेना, अंग सैल पडलें. किंवा शांत असतांनाहि श्वास भरभर चालला, तर दृष्ट काढीत बसूं नये, रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यावें. तसेंच आईकडेहि लक्ष असावें. मूल निजलें असतांनाहि जिला झोंप येत नाहीं, जी दोन-दोन आठवडे उदास असते, जिला मुलाचा वा स्वतःचा वीट येतो, ती बाळंतीण आळशी किंवा हट्टी नसते, आजारी असते. तिला बोल लावूं नये, वैद्यकीय मदत द्यावी.

आमच्यांत पांचवीच्या रात्रीं बाळंतिणीच्या घरीं सारी मंडळी जागरण करतात. दिवा तेवत ठेवतात, गाणीं म्हणतात. पण दुसऱ्या दिवसापासून जागण्याचें काम एकट्या आईकडे येतें, तें पुढें वर्षभर. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथेंच आहे. दूध आईनेंच पाजावें लागतें. पण पाजल्यावर ढेकर काढणें, लंगोट बदलणें, थोपटून निजविणें, हें कोणालाहि करतां येतें. वर सांगितलेल्या घरीं हल्लीं हीच व्यवस्था आहे. पहांटे पांचला आजीबाई स्नानास उठतात, तेव्हां मूल त्यांच्याकडे येतें आणि सूनबाईंस दोन-अडीच तास निजतां येतें. रातपाळी नसेल त्या आठवड्यांत पहिल्या प्रहराचें थोपटणें मुलाचे वडील करतात. सकाळीं आत्या त्यास गॅलरींत उन्हाच्या कवडशापाशीं घेऊन बसते. मूल अजूनहि रात्रींतून दोनदां उठतें, परंतु आंतल्या खोलींतून आतां "दूध पुरतंय ना?" असें विचारलें जात नाहीं. "उठलं का गं ? तू पाज, मग माझ्याकडे दे," असें आजीबाई म्हणतात, आणि त्या बोलण्याची वाट पाहत सूनबाई निश्चिंत मनानें मुलास पदराखालीं घेतात.