रेशमावर हाताने रंगकाम

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, घरात पैसा कमी येतो आणि हाताला थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत करंजातल्या गटांना करता येईल असं एक काम आज सांगते: रेशमी कापडावर हाताने रंगकाम. यात चूक झाली तर कापडाचे पैसे बुडतात. म्हणून पहिला प्रयोग गिऱ्हाइकाच्या साडीवर नको, हातरुमालाएवढ्या तुकड्यावर करा.

आधी कापड ओळखा. कडेचा एक धागा काढून जाळा. अस्सल रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कापड रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, म्हणजे खळ निघते. खळ राहिली तर रंग सारखा बसत नाही. सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा.

आता कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवा. ते ढोलकीच्या पुडीसारखं ताठ हवं आणि खाली टेबलाला टेकता कामा नये. टेकलं की तिथे रंग साचतो.

बाजारात रंग दोन प्रकारचे मिळतात. फॅब्रिक कलर कापडाच्या वर बसतो. ठिपके, रेघा, बारीक नक्षी यांना तो सोपा, म्हणून सुरुवात त्याने करा. दुसरा रेशमाचा पातळ रंग. तो धाग्यात मुरतो, कापड मऊ राहतं, पण तो पसरतो. त्याला अडवायला नक्षीच्या कडेने आउटलायनरची रेघ ओढतात. शेताला जसा बांध, तशी ही रेघ. बांध फुटला की पाणी शेजारी जातं, म्हणून रेघ कुठेही तुटू देऊ नका. चौकट उजेडासमोर धरून तपासा आणि रेघ पूर्ण वाळू द्या. मग ब्रश घराच्या मधोमध टेकवा, रंग आपोआप रेघेपर्यंत जाईल. आधी फिके रंग, मग गडद.

पातळ रंग ओला असतानाच त्यावर जाड्या मिठाचे कोरडे खडे टाकून बघा. मीठ रंग ओढून घेतं आणि फुलांसारख्या छटा उमटतात. आपल्या उरण भागात मिठागरं आहेत, तेव्हा मीठ काही लांबून आणायला नको. वाळल्यावर खडे झटकून टाका. पावसात हवा दमट असते, रंग लवकर वाळत नाही. घाई करू नका.

रंग पक्का करणं सर्वांत महत्त्वाचं. फॅब्रिक कलर पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री करतात. पातळ रंगांपैकी बऱ्याच रंगांना वाफ लागते. कोऱ्या कागदात कापड असं गुंडाळा की घडीला घडी लागणार नाही. मग मोदकपात्रासारख्या भांड्यात वाफ द्या, पण पाण्याचा थेंबही कापडावर पडू देऊ नका. वेळ बाटलीवर लिहिलेली असते. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. शेवटी नमुन्याचा तुकडा धुऊन बघा. रंग सुटला, तर तो माल विकू नका.

नक्षी कुठली काढायची? वारली चित्रं सगळ्यांना आवडतात. पालघरकडच्या वारली बायका लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ती त्यांची ओळख आहे, आपण त्या नावाने माल विकू नये. आपल्याकडे होडी, जाळं, पापलेट, द्रोणागिरीचा डोंगर आहे. तेच काढा.

शेवटी हिशोब. समजा, स्टोलचं कापड २५० रुपये, रंग ६०, इतर खर्च ३०. झाले ३४०. आठ तासांचं काम, तासाला ५० धरले तर मजुरी ४००. म्हणजे ७४० रुपयांना तो स्टोल आपल्यालाच पडला. गिऱ्हाईक ५०० म्हणालं आणि आपण दिला, तर २४० रुपये आपल्याच मजुरीतून गेले. म्हणून वहीत कापड आणि रंगाच्या खाली आपले तासही लिहीत जा.