पाय धुण्याचं काम

पाणी गरम नको, कोमटही नको. नळाचं साधं पाणी हवं. ड्रेसिंगच्या खोलीतला हा पहिला नियम. थंडीच्या सकाळी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे पाय धुवायला बसलो तर आपण मायेपोटी पाणी जरा तापवूनच घेऊ. पण इथे बाकावर बसलेल्या माणसाच्या तळव्याला गरम-गार कळत नाही. पाणी जास्त तापलं असेल तर फोड येतील, आणि ते आल्याचं त्याला नंतर डोळ्यांनी बघूनच समजेल. म्हणून बादली भरली की सिस्टर आधी स्वतःचं कोपर बुडवून बघते.

दक्षिण महाराष्ट्रातलं ख्रिस्ती मिशनचं हे जुनं कुष्ठरोग रुग्णालय. सकाळी छोटीशी प्रार्थना होते, एखादं गीत होतं आणि लगेच टब मांडले जातात. धर्माविषयी एवढंच, त्यापुढे दुपारपर्यंत मी तिथे येशूचं नावही फारसं ऐकलं नाही. ऐकू येत होतं ते असं :

“आजोबा, काल शेतात गेला होता ना? खरं सांगा.”

“न्हाय बाई. बांधापतुर जाऊन आलो नुसतं.”

“मग ही बाभळ बांधावरची का?” असं म्हणत सिस्टरने त्यांच्या चपलेच्या तळातून काटा ओढून काढला आणि हातावर ठेवला. आजोबा काट्याकडे बघत राहिले. तो चपलेतून आरपार आला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता.

आजोबांचा रोग केव्हाच बरा झाला आहे. जंतू मेले, औषधं थांबली, त्यांच्यापासून कुणाला काही होण्याची भीती नाही. पण घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारा मज्जातंतू तेवढ्यात निकामी झाला, तो झालाच. त्याच्याबरोबर घामाच्या ग्रंथीही बंद पडतात. घाम नाही म्हणून कातडी कोरडी, कोरडी म्हणून भेगा, आणि भेगेतून शिरलेला संसर्ग थेट हाडापर्यंत. दुखतच नसल्यामुळे माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो. आपण चप्पल एवढीशी लागली तरी लंगडतो. ते लंगडणं म्हणजे केवढं संरक्षण आहे, हे इथे आल्यावर ध्यानात येतं.

कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. डॉ. पॉल ब्रँड यांनी ते खोडून काढलं. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 मध्ये जन्मलेला हा सर्जन 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. वाकड्या झालेल्या बोटांवरच्या त्याच्या शस्त्रक्रिया जगभर गाजल्या. मला मात्र त्याची दुसरी कामगिरी मोठी वाटते. माणसं दिवसभर काय करतात, काय उचलतात, कशाला हात लावतात हे तो बघत बसला, आणि बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी, हे त्याने दाखवून दिलं. कुणी चुलीवरचं भांडं तसंच उचललं होतं, कुणाची बोटं रात्री झोपेत उंदरांनी कुरतडली होती. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरं देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात मांजराला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

तर पाय साधारण वीस मिनिटं पाण्यात. मग मऊ पडलेले घट्टे वजरीने किंवा खरखरीत दगडाने हलकेच घासायचे. घट्टा राहिला तर चालताना तोच आत रुततो आणि खालचं मांस चेचतो. पाय खसाखसा पुसायचे नाहीत. ओलसर असतानाच तेल चोळायचं, म्हणजे मुरलेलं पाणी आत टिकतं. तेल घरात असेल ते, खोबरेल किंवा करडईचं. शेवटी तळवा उलटून बघायचा : लाल डाग आहे का, कुठे ऊब जास्त लागते का, बोटांच्या बेचक्यात काही आहे का. हे रोज करायचं, जन्मभर.

आणि इथे मी गोंधळलो. मला वाटलं होतं, सिस्टर पाय धुईल. तिने आजोबांच्या हातात दगड दिला आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसली. आजोबांची बोटं आखडलेली, दगड दोनदा निसटला. तिने तो उचलून परत दिला. घासला मात्र नाही. पलीकडच्या एका मावशींच्या दगडाला कापडात गुंडाळलेली मूठ होती, तशीच मूठ बांधून द्यायला तिने मदतनिसाला सांगितलं. नंतर मी विचारलं तर म्हणाली, “घरी कोण आहे यांना? मी आज घासून दिलं तर उद्या कोण घासणार?” जखमेच्या कडा ब्लेडने तासणं, पट्टी बांधणं, गरज पडली तर प्लास्टर घालणं हे तिचं काम. बाकीचं ज्याचं त्याने करायचं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी काही चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आलं आहे. विधी सुंदर असतो. फक्त ते बारा जण घरून पाय स्वच्छ धुऊन आलेले असतात.

मागच्या पडवीत चपलांचा कारखाना आहे. आतला तळ एमसीआरचा, म्हणजे बारीक बुडबुडे भरलेल्या मऊ रबराचा. अंगठ्याने दाबला की दबतो, सोडला की वर येतो. त्याखाली टणक रबर, काटा आत येऊ नये म्हणून. खिळा एकही मारायचा नाही. टाचेमागे पट्टा हवाच, कारण चप्पल पायातून निघून गेल्याचं घालणाऱ्याला कळत नाही. कारागीर प्रत्येक पाय कागदावर आखून घेतो. तो स्वतःही जुना रुग्ण आहे. त्याने सांगितलेली अडचण रबराची नव्हती. जुन्या साच्याची चप्पल लांबून ओळखू यायची, बाजारात लोक कुजबुजायचे, म्हणून माणसं ती पिशवीत ठेवून अनवाणी जात. आता तो बाजारातल्या चपलांसारखे रंग आणि पट्टे लावतो. एका मुलीला तिच्या मैत्रिणीसारखीच चप्पल हवी होती. त्याने मैत्रिणीची चप्पल मागवून घेतली आणि तशी बनवून दिली.

मिशनचा सगळाच इतिहास असा नाही. वेलस्ली बेली या आयरिश माणसाने अंबाल्यात कुष्ठरोग्यांचे हाल पाहून 1874 मध्ये जी संस्था काढली, तिच्या जुन्या आश्रमांत स्त्री-पुरुष वेगळे ठेवत, निरोगी मुलांना आईपासून तोडत. सरकारचा 1898 चा कायदाही कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणाराच होता. तो रद्द व्हायला 2016 उजाडलं. दयेच्या पोटात भीती असली की ती भिंती बांधते. स्टुलावर बसलेल्या सिस्टरला भीती नव्हती, आणि खरं सांगायचं तर दयाही फारशी दिसली नाही. वेळापत्रक होतं, आणि आजोबांवर रागवायचा हक्क होता.

देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण राहिले म्हणून 2005 च्या अखेरीस आपण कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ झाल्याचं जाहीर केलं. तरी जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. तेव्हा घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईंच्या किंवा शेतावरच्या गड्याच्या अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवू नका, बरोबर घेऊन जा. औषध मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभराचं आहे, आणि वेळेवर सुरू झालं तर तळव्याची जाण शाबूत राहते.