न भरलेला अर्ज : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि शिष्यवृत्ती

अमेरिकेत स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांत मुलांच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला, की नामांकित विद्यापीठांचीच नावे प्रथम ओठांवर येतात. कम्युनिटी कॉलेजचे नाव घेताना मात्र आवाज किंचित खाली येतो. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली सुरू झालेली दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांची ही परंपरा आज त्या देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा मोठा आधार आहे, आणि हिशोब जाणणाऱ्या माणसाला तर ती प्रथमदर्शनीच पटावी. कॅलिफोर्नियाचेच उदाहरण घ्यावे. तेथील रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटमागे 46 डॉलर शुल्क पडते. वर्षाला 30 युनिटे घेतली तरी 1,380 डॉलर. दोन वर्षांनंतर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा शाखांपैकी एकीत, ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्यास, प्रवेशाची हमी मिळू शकते. हाती येणारी पदवी त्या विद्यापीठाचीच असते.

तथापि शुल्क हा खर्चाचा लहान भाग. पुस्तके, घरभाडे, भोजन आणि प्रवास यांचा भार त्याहून मोठा, आणि शिष्यवृत्तीचे खरे प्रयोजन तेथेच आहे. परंतु बहुतेक घरांत अर्जच भरला जात नाही. ‘आपले दुकान आहे, आपल्याला कोण देणार?’ हे एक कारण. दुसरे मनात दडलेले असते: देणाऱ्या घराने घ्यावे कसे? हा संकोच समजण्याजोगा आहे, पण त्याला इतिहासाचा आधार नाही. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जैन बोर्डिंगांत राहून शिकलेल्या पिढीने घेतलेल्या साहाय्याची कधी लाज बाळगली नाही. पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटीलही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्येच विद्यार्थी म्हणून राहिले होते.

पहिले कारण अधिक नुकसानीचे, कारण ते हिशोब न करताच काढलेले अनुमान आहे. अमेरिकेत सरकारी साहाय्याचे दार ‘फॅफ्सा’ नावाच्या एकाच विनामूल्य अर्जाने उघडते. त्यातून विद्यार्थ्याचा स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे कुटुंबाच्या ऐपतीचा अंक, काढला जातो. या गणनेत कुटुंबाच्या व्यवसायाचे मूल्य धरावे की नाही, याचा नियम अलीकडे दोनदा बदलला. पूर्वी लहान कौटुंबिक व्यवसाय वगळला जात असे; 2024-25 च्या अर्जापासून तो धरला जाऊ लागला आणि अनेक दुकानदारांच्या मुलांचा अंक अकस्मात वाढला. 2025 मध्ये झालेल्या कायद्याने, 2026-27 च्या अर्जापासून, शंभरपर्यंत पूर्णवेळ कर्मचारी असलेला आणि कुटुंबाच्या मालकीचा व ताब्यातील व्यवसाय पुन्हा गणनेबाहेर गेला आहे. मध्यंतरीच्या वर्षांत नकार मिळाला म्हणून ज्यांनी नाद सोडला, त्यांनी हा बदल अवश्य ध्यानी घ्यावा. सूट दुकानाच्या मूल्याला आहे, नफ्याला नाही. करविवरणात दाखवलेले उत्पन्न मोजले जातेच, आणि तेही दोन वर्षांपूर्वीचे. 2026-27 साठी 2024 चे विवरण पाहिले जाते. राहते घर मोजले जात नाही. भाड्याने दिलेली मालमत्ता मात्र मोजली जाते.

फॅफ्सा भरल्यावर पात्र विद्यार्थ्यास पेल ग्रँट मिळू शकते. 2025-26 मध्ये तिची कमाल रक्कम 7,395 डॉलर होती, आणि ती परत करावयाची नसते. कॅलिफोर्नियात कॉलेज प्रॉमिस ग्रँट युनिटमागचे शुल्कच माफ करते. नवा अर्ज सामान्यतः 1 ऑक्टोबरला खुला होतो. राज्याच्या कॅल ग्रँटसाठी 2 मार्च ही तारीख पाळावी लागते. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना 2 सप्टेंबरची आणखी एक संधी असते.

मात्र सर्वांत दुर्लक्षित खजिना महाविद्यालयाच्या स्वतःच्या फाउंडेशनपाशी असतो. स्थानिक दात्यांनी, निवृत्त प्राध्यापकांनी, एखाद्याच्या स्मृतीप्रीत्यर्थ ठेवलेल्या या लहान लहान शिष्यवृत्त्या. पुष्कळ ठिकाणी त्या सर्वांसाठी एकच सामायिक अर्ज असतो. तो एकदा भरला की विद्यार्थी कोणकोणत्या निधींना पात्र आहे हे कार्यालयच पडताळते. येथे स्पर्धा त्याच महाविद्यालयापुरती असते, देशव्यापी नसते.

या अर्जासोबत निबंध लागतो, आणि व्यापारी घरांतील मुले नेमकी येथेच उणी पडतात. ती गुण, पदके आणि स्पर्धा यांची यादी देतात. संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसून घाऊक व्यापाऱ्याची बिले तपासणे, आजोबांना विम्याची इंग्रजी कागदपत्रे वाचून दाखवणे, दिवाळीच्या गर्दीत मालाची मोजदाद करणे, हे त्यांना लिहिण्याजोगे वाटतच नाही. निवड समितीला मात्र नेमके तेच हवे असते: या मुलाने कोणती जबाबदारी पेलली आणि त्यातून त्याला काय शिकावेसे वाटले. शिफारसपत्र मागायचे तर प्राध्यापकांना तीन-चार आठवडे आधी, आपल्या कामाचा लहानसा गोषवारा देऊन मागावे. मुदतीच्या आदल्या रात्री मागितलेले पत्र त्या घाईचीच साक्ष देते.

महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांचे गणित निराळे आहे. त्यांना फॅफ्सा व पेल ग्रँट लागू नाही, शुल्कही रहिवाशांच्या कित्येक पट असते, आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज व्हिसापूर्वीच दाखवावी लागते. सत्र चालू असताना आवारातील काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच करता येते. म्हणून शिष्यवृत्तीच्या भरवशावर घरातून निघणे धोक्याचे. पण फाउंडेशनचे काही निधी नागरिकत्वाची अट घालत नाहीत. एक सत्र चांगल्या गुणांनी पूर्ण झाल्यावर ते खुले होतात.

शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे, हे वेगळे सांगायला नको. बाहेरील संस्थेची रक्कम मिळाल्यास ती महाविद्यालयाच्या साहाय्य कार्यालयाला कळवावी लागते, आणि तिच्यामुळे अन्य साहाय्य कमी होऊ शकते. तेव्हा स्वीकारण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. आणखी एक बाब वडीलधाऱ्यांच्या जमाखर्चासाठी: पदवीच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीतून शुल्क व आवश्यक पुस्तके भागवली तर ती रक्कम करमुक्त असते, घरभाडे व भोजनावर खर्चिली तर करपात्र.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठात जाण्याची तयारी सुरू होते, तेव्हा रकमा मोठ्या होतात. कम्युनिटी कॉलेजमधून पुढे जाणाऱ्यांसाठीची जॅक केंट कुक फाउंडेशनची शिष्यवृत्ती वर्षाला 55,000 डॉलरपर्यंत असते. 1918 मध्ये स्थापन झालेल्या फाय थीटा कप्पा या गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या सदस्यांना अनेक विद्यापीठे स्वतंत्र निधी देतात. त्या सदस्यत्वासाठी पहिल्या सत्राचे गुण पाहिले जातात, आणि पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते.