घोडं घरी आणण्याआधी

पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यापासून थोडं आत, गेल्या नवरात्रात एका शेतावर नालबंदाचं काम बघत मी तासभर बसलो होतो. समोर एक पांढरी घोडी उभी होती. उमेदीची सगळी वर्षं तिनं नवरदेव वाहिले होते. नालबंदानं तिचा पुढचा पाय उचलून आपल्या दोन गुडघ्यांत धरला आणि लोखंडी आकड्यानं खुराचा तळ कोरायला घेतला. आधी काळा चिखल निघाला, मग दर्प आला. खुराच्या तळाला मधोमध रबरासारखा एक त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा पावसाळ्यात आतून कुजल्या होत्या. त्यानं कुजकं तेवढं हलक्या हातानं तासलं, खाचा कोरड्या केल्या, औषधात भिजवलेला कापूस आत दाबून बसवला. घोडी अंग चोरून उभी होती, पण तिनं पाय ओढून घेतला नाही. तिच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत लगामानं पडलेले घट्टे होते, बोटाला खडबडीत लागणारे. नालबंद पाय खाली ठेवत म्हणाला, "मुळशीचा पाऊस आहे हा, साहेब. म्हैस चालवून घेती. घोडं नाही घेत चालवून."

ही घोडी एका प्राणिसंस्थेनं सोडवलेली होती आणि शेताच्या मालकांनी ती रीतसर मागून आणली होती. अशी घोडी मागणारे लोक आता पुण्याच्या पश्चिमेला भेटू लागले आहेत. पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत लोकांनी जमिनी घेतल्या, घरं बांधली, झाडं लावली. मोकळी जागा दिसली की घोड्याची आठवण होते. इच्छा चांगलीच आहे. पण नुसत्या इच्छेवर घोडं जगत नाही, म्हणून हा लेख.

सोडवण्याचं काम एका दिवसात होतं. तक्रार जाते, पोलीस येतात, पंचनामा होतो, जनावर गाडीत चढतं. घोड्याचं आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचं असतं. बाराव्या-तेराव्या वर्षी ते सुटलं तर पुढची बारा-पंधरा वर्षं ते कुणाच्या दावणीला राहणार? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत सुटका पुरी झालेली नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांनी हा प्रश्न आपल्यासमोर उघडा केला. गेटवे आणि नरिमन पॉइंटच्या रस्त्यांवर चांदीसारखी मढवलेली ती बग्गी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना डांबरावर घसरणारे खूरही आठवत असतील. अॅनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्टच्या जनहित याचिकेवर ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. करमणुकीच्या फेऱ्यांसाठी या गाड्या चालवणं बेकायदा ठरलं आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत मिळाली. मालक आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना सरकारनं करावी, असंही न्यायालयानं सांगितलं. पुढे मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया मुंबईत आल्या. गाडीला नवं इंजिन मिळालं, पण घोड्याला नवं घर मिळण्याची अशी हमी कुठेच नव्हती. कायद्याच्या दृष्टीनं घोडा मालकाची मालमत्ता असतो. धंदा बंद झाला की तो लग्नाच्या बाजारात, दुसऱ्या गावात, दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकतो. यात मालकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. ज्याची चूल त्या घोड्यावर पेटत होती, त्याला न कमावणाऱ्या जनावराची चंदी फुकट घालता येत नाही.

पुण्याला तर घोड्याच्या निवृत्तीची एक निराळीच आठवण आहे. पूनावाला घराण्याचा घोडेपैदाशीचा व्यवसाय १९४६ पासूनचा. तिथली शर्यतीतून उतरलेली घोडी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिली जात. घोड्याला थोड्या-थोड्या मात्रेत विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की ते रक्त काढून त्यातून औषधं बनवायची, अशी ती पद्धत. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. साप चावलेल्या शेतकऱ्याला आजही जे औषध दिलं जातं, ते घोड्याच्याच रक्तातून येतं. मुळशीच्या भातखाचरात ज्याचा कुणी माणूस त्या औषधानं वाचला असेल, त्यानं म्हाताऱ्या घोड्याकडे पाहताना हे लक्षात ठेवावं.

जगात निवृत्त घोड्याच्या विचाराला युद्धानंही चालना दिली. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश फौजेनं हजारो घोडी इजिप्तमध्येच विकून टाकली. १९३० साली डोरोथी ब्रूक ही ब्रिटिश बाई कैरोत आली, तेव्हा तीच घोडी, आता म्हातारी आणि हाडं निघालेली, तिला दगड ओढताना दिसली. तिनं १९३१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले आणि त्या पैशातून तिनं सुमारे ५,००० घोडी विकत घेतली. बहुतेकांची अवस्था अशी होती, की त्यांना शांतपणे मरण देणं हाच उपकार होता. १९३४ साली तिनं कैरोत घोड्यांचा दवाखाना काढला. तिच्या नावाची संस्था आज भारतातही वीटभट्ट्यांवरच्या आणि टांग्यांच्या घोड्यांसाठी काम करते.

इंग्लंडमधल्या मोठ्या संस्थांची एक रीत आपण जशीच्या तशी उचलावी असं मला वाटतं. तिथे सोडवलेलं घोडं घर बघून देतात, पण मालकी देत नाहीत. घोडं कायम संस्थेचंच राहतं, घेणारा फक्त सांभाळतो. संस्थेचा माणूस अधूनमधून येऊन बघून जातो. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, काहीही झालं तर घोडं संस्थेकडेच परत जातं, बाजारात जात नाही.

आपल्याकडे कायद्यात दत्तक देण्याला जागा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला दंड मात्र आजही पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये आहे. एवढ्याशा दंडानं कुणाला जरब बसणार? त्यामानानं २०१७ चे मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीचे नियम उपयोगाचे आहेत. जप्त केलेलं जनावर खटला चालू असताना पांजरपोळ किंवा प्राणिसंस्थेच्या ताब्यात राहतं, त्याचा खर्च मालकावर बसतो आणि गुन्हा सिद्ध झाला तर ते संस्थेकडे योग्य घरी देण्यासाठी सोपवता येतं. खटला मात्र वर्षानुवर्षं चालू शकतो. म्हणून घोडं मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: याचा खटला संपला आहे का, आणि आज हे कायद्यानं कुणाचं आहे?

दुसरा प्रश्न रक्ताच्या तपासणीचा. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा जिवाणूचा रोग होतो. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी अशी त्याची लक्षणं, आणि तो माणसालाही होतो. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या काही भागांत त्यानं पुन्हा डोकं वर काढलं. रोग पक्का झाला तर घोड्याला मारावंच लागतं, दुसरा इलाज नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचं यात मोठं काम आहे. तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय कुठलंही घोडं आपल्या आवारात उतरवू नका, मग देणारा कितीही जवळचा असो. धनुर्वाताची लसही विचारून घ्या, कारण या रोगाला घोड्याइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर सापडणं कठीण.

आता मुळशीबद्दल. हा तालुका आंबेमोहराचा आणि पावसाचा. ताम्हिणीच्या अंगाला तर पाऊस महिनोन्‌महिने उघडत नाही. घोड्याची जात मात्र कोरड्या माळाची. त्यामुळे इथे सगळ्यात मोठा खर्च शेडच्या जमिनीचा. छप्पर कुणीही घालतो. तळ उंच, मुरमाचा आणि पाणी न धरणारा पाहिजे, शिवाय भिजलेलं अंथरूण रोज बदलावं लागतं. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. पिरंगुटला घर घेतलं म्हणून नालबंद पिरंगुटला मिळत नाही. तो आधी शोधावा, घोडं नंतर.

चाऱ्याचंही तसंच. इथे भाताचा पेंढा मुबलक आहे आणि गुरांचं त्यावर भागतं. घोड्याचं भागत नाही. त्याला चांगलं वाळलेलं गवत, ज्वारीचा कडबा, थोडं लसूणघास लागतं, आणि ते देशावरून आणून पावसाआधी कोरडं साठवावं लागतं. बुरशी धरलेल्या चाऱ्यानं घोड्याला खोकला लागतो, पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर काढायची वाटच त्याला निसर्गानं दिलेली नाही, त्यामुळे पोटशूळ म्हणजे जिवावरचं दुखणं. जमिनीवर लोळणारं, पुन्हापुन्हा स्वतःच्या कुशीकडे वळून बघणारं घोडं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. घोडी जाणणारा डॉक्टर तासा-दोन तासांत पोहोचेल का, याची खात्री घोडं आणायच्या आधी करून ठेवायची असते.

उपाशी राहिलेलं घोडं घरी आलं की माया उतू जाते. लोक घमेलं भरून हरभरा, गूळ, कोंडा पुढे ठेवतात. याच मायेनं घोडी मरतात. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या शरीरावर एकदम धान्य पडलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि हृदय थांबू शकतं. अशा घोड्याला पहिले दहा-बारा दिवस थोडा-थोडा लसूणघास, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, डॉक्टर सांगेल तेवढाच द्यायचा.

फार्महाऊसवाल्यांनी आपल्या कुंपणाकडे जरा नीट बघावं. तिथे हटकून दोन गोष्टी असतात, काटेरी तार आणि कण्हेर. घाबरलेलं घोडं तार बघत नाही, सरळ घुसतं आणि छाती-पाय फाडून घेतं. कण्हेरीची मूठभर पानं घोड्याच्या हृदयाला बंद पाडायला पुरतात. छाटलेल्या, वाळलेल्या पानांतही विष राहतं. फुलं कितीही सुंदर असली तरी घोडं येणार असेल तर कण्हेर मुळापासून काढा.

आणि एकटं घोडं आणू नका. घोडं कळपाचं जनावर आहे. एकटं ठेवलं तर ते दाराची लाकडं कुरतडतं, एका पायावरून दुसऱ्या पायावर तासन्‌तास झुलत राहतं. पाहुण्यांना ते नाचतंय असं वाटतं. भाकरी का करपली आणि घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं एकच उत्तर आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलं होतं: न फिरवल्यामुळे. जागच्या जागी बांधून ठेवलेलं घोडं शरीरानं आणि मनानं, दोन्हीकडून अडतं.

मुलांना रपेट करायला मिळेल म्हणून सोडवलेलं घोडं मागणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ते मागू नका. त्यातली पुष्कळ घोडी पुन्हा पाठीवर वजन घेण्याच्या स्थितीत नसतात. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझं घालता येत नाही, आणि तेही धडधाकट तट्टाच्या. मुलांना खरारा करू द्या, पाणी पाजू द्या, खूर उचलून साफ करायला शिकवा. रपेटीपेक्षा त्यातून घोडं जास्त कळतं.

राबणारं प्रत्येक घोडं सोडवण्याजोगं असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पावसाळा संपला की धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात. तट्टांवर अख्खं बिऱ्हाड असतं: भांडी, मेंढ्या कोंडायच्या जाळ्या म्हणजे वाघरी, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. मुक्कामाला पोचलं की आधी तट्टाची पाठ मोकळी होते, मग चूल मांडली जाते. ही तट्टं भीमथडी, भीमेच्या खोऱ्यातली. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडेच मान्यता दिली. ती मान्यता वेळेवर आली, कारण २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातली घोडी-तट्टं सव्वासहा लाखांवरून सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. काम संपलं की जनावरही संपतं, हे त्या आकड्यांत दिसतं.

तेव्हा मुळशीत ज्यांची दोन-तीन एकर जागा आहे, तिथे रोज राहणारं माणूस आहे आणि पुढची पंधरा वर्षं कुठे जायचं नाही असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना माझी विनंती आहे. शिंगरू मागू नका, देखणं घोडं मागू नका. संस्थेकडे जा आणि कुणी नेत नाही अशी दोन म्हातारी घोडी एकत्र मागा. करार कागदावर करा: विकायचं नाही, वरातीला द्यायचं नाही, वीण करायची नाही, जमलं नाही तर संस्थेलाच परत. घोडी आणायची तर दिवाळीनंतर आणा, म्हणजे त्यांना इथली हवा आणि माणसं ओळखायला सात महिने कोरडे मिळतील. आणि शेडची जमीन मे महिना संपायच्या आत उंच करून घ्या.